बंबाचा पगार: एका मराठी परीकथा-खेळातल्या शापित गड्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकमधल्या चौघांनी मिळून मोबाइलवर खेळायचा एक मराठी गोष्ट-खेळ करायला घेतला. एक लेखिका, एक चित्रकार, एक प्रोग्रामर आणि पैसा-वेळ सांभाळणारी निर्माती. मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने थोडे पैसे दिले होते. अट एकच होती, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी खेळ मुलांच्या हातात पडला पाहिजे. वयोगट आठ ते बारा. मी संहिता वाचून शेरे मारायच्या कामावर होतो. माणसांची, संस्थेची आणि खेळाचीही नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत.

गोष्ट निवडली ती सुंदरी आणि पशूची. 1740 साली गाब्रिएल-सुझान द विलनव्ह या फ्रेंच बाईंनी ती भल्यामोठ्या कादंबरीएवढी लिहिली. 1756 मध्ये जान-मारी लप्रँस द बोमाँ यांनी तिला कात्री लावली, आणि आज जगभर आज्या-आया सांगतात ती बहुतेक ही कापलेलीच आवृत्ती. दोघींच्याही लेखनावरचे हक्क संपून जमाना झाला, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नव्हता. निदान सगळ्यांना तसं वाटत होतं.

गोष्ट नाशकात आणायला फार ओढाताण करावी लागली नाही. मुघल अमलात या गावाला गुलशनाबाद, म्हणजे फुलबागेचं गाव, म्हणत. तेव्हा व्यापारी बाप पावसात अडकतो, गोदाकाठच्या ओसाड वाड्यात आसरा घेतो, धाकट्या लेकीसाठी अंगणातला एक गुलाब तोडतो आणि वाड्याचा शापित धनी त्याला अडवतो, मग बापाच्या बदली धाकटीच वाड्यावर येते, हे सगळं इथे सहज बसलं. वाड्याचे खांब आणि चौक चित्रकाराने सराफ बाजारातल्या सरकारवाड्यावरून घेतले. शापाची मुदत दाखवायला लेखिकेने काढलेली युक्ती मला फार आवडली. नाशिककर गोदेचा पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतात: पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीशी आलं. खेळातही प्रत्येक प्रकरणागणिक पाणी मारुतीच्या अंगावर चढत जातं. डोकं बुडालं की शाप कायमचा.

वाड्यातले नोकरचाकर शापाने भांडीकुंडी झालेले. त्यातला मुख्य गडी म्हणजे एक बोलकी समई. धाकटीला वाडा दाखवायचा, कोडं अडलं की वाट सुचवायची, मधूनमधून विनोद करायचा, एवढं तिचं काम.

अडचण

पहिली चाचणी एका वाचनालयाच्या बालविभागात झाली. एकाच दुपारी तीन गोष्टी बाहेर आल्या.

समई पडद्यावर येताच मुलांनी तिला 1991 सालच्या डिस्नेपटातल्या मेणबत्तीदानाच्या नावाने हाक मारली. ‘ए, ल्युमिए आला!’ एकाने म्हटलं आणि बाकीच्यांनी उचलून धरलं. हे प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बोमाँबाईंच्या गोष्टीत नोकर दिसतच नाहीत, जेवण आपोआप वाढलं जातं आणि संगीत कुठूनसं ऐकू येतं. विलनव्हबाईंच्या वाड्यात माकडं सेवेला असतात आणि पक्षी बोलतात. नोकरांचं मेणबत्तीदान, घड्याळ, किटली होणं, आणि पाकळ्या गळत गळत मुदत संपणं, ही सगळी सिनेमाची भर. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटाचे हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतात, म्हणजे हा सिनेमा 2051 संपेपर्यंत मोकळा होत नाही.

दुसरी गोष्ट खेळाच्या मुळावर येणारी होती. मुलं विचारच करीनात. दार बंद दिसलं की समईला टिचकी, खोलीत अंधार दिसला की समईला टिचकी. समई बिचारी दर वेळी हसतमुखाने उत्तर द्यायची. एका मुलीने तर आजूबाजूचं चित्र न बघता सगळी खोली नुसती टिचक्यांवर पार केली आणि शेवटी ‘झालं?’ असं विचारलं. तिला गोष्टीतलं काहीच आठवत नव्हतं. समईचं एक वाक्य मात्र तोंडपाठ होतं, ‘उजेड पाडू का ताई?’, आणि ते ती वैतागून, समईच्याच सुरात म्हणून दाखवत होती.

तिसरी गोष्ट एका आजींनी सांगितली. त्या नातवाला घ्यायला आल्या होत्या. खेळात समई जिन्यावरून गडगडत खाली येते आणि धाकटी तिला पायाने थांबवते. आजी म्हणाल्या, ‘अहो, देवापुढची वस्तू आहे ती. पाय कसला लावताय?’ चमूतल्या एकाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं.

समोरचे पर्याय

चार वाटा होत्या आणि प्रत्येकीला एक वकील होता.

चित्रकाराचं म्हणणं, समई ठेवू, फक्त तोंडवळा बदलू. निम्मी चित्रं झाली होती, त्याचा जीव तुटणं साहजिक होतं. पण 1978 च्या आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली कसोटी इथे आडवी आली. कल्पना, विषय, कथानक कुणाच्या मालकीचं नसतं. पण दोन्ही कृती पाहिलेल्या साध्या प्रेक्षकाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं निःसंशय वाटलं, तर मामला बिघडतो. आमच्या साध्या प्रेक्षकांनी आपलं मत आधीच वाचनालयभर ओरडून सांगितलं होतं. शिवाय आजींचा आक्षेप तोंडवळा बदलून जाणार नव्हता.

प्रोग्रामरचं मत, नोकर काढूनच टाका. बोमाँबाईंच्या वाड्यासारखे अदृश्य हात ठेवा. खर्च कमी, आवाज भरायला नको, आणि मूळ गोष्टीशी इमानही राहतं. हा पर्याय मला आधी वाटला त्यापेक्षा चांगला होता. पण लेखिकेने एकच प्रश्न विचारला, ‘मग धाकटी तीन तास बोलणार कुणाशी?’ धनी अर्ध्या खेळापर्यंत तोंड दाखवत नाही. वाडा मुका झाला असता.

निर्मातीला मधली वाट हवी होती: समई राहू दे, सूचना मोजक्या करा. हे स्वस्तातलं औषध होतं. त्याने टिचक्या कमी झाल्या असत्या, पण समई जशी होती तशीच राहिली असती, कोपऱ्यातलं मदतीचं बटण. फक्त आता कंजूष बटण.

चौथा पर्याय चर्चेतून निघाला. प्रोग्रामरने ‘किंग्डम हार्ट्स 2’ या 2005 च्या खेळाचं उदाहरण काढलं. त्यात हाच डिस्नेचा किल्ला आहे, पण नोकर तळघरात कोंडलेले असतात, त्यांना आधी सोडवावं लागतं. आणि कपाट झालेली बाई वाटेतच झोपलेली, तिला ढकलून बाजूला करावं लागतं. म्हणजे ती मंडळी मदत करतात त्याआधी स्वतःच एक अडचण असतात. यावरून लेखिकेने मांडलं की आपल्या गड्यालाही शरीर असू दे, त्या शरीराची गरज असू दे, आणि मदत करताना त्याचं काहीतरी खर्च होऊ दे.

पहिला निर्णय: समईचा बंब

चित्रकार रुसून भांडी बाजारात फिरायला गेला आणि परत आला तो अंघोळीचं पाणी तापवायच्या जुन्या तांब्याच्या बंबाचे फोटो घेऊन. नाशिकच्या तांबट आळीने एके काळी असे किती बंब ठोकले असतील देव जाणे. आता ते हॉटेलच्या दाराशी कुंडी म्हणून उभे दिसतात. पोट सुटलेलं, मधून धुराचा नळा, खाली निखाऱ्यांची जाळी, पुढे पितळी तोटी. नुसता उभा राहिला तरी हा कुणीतरी आहे असं वाटतं. आणि डिस्नेच्या किल्ल्यात बंब नाही.

लेखिकेने त्याला वाड्याचा पाणक्या केलं. जन्मभर कावडीने गोदेचं पाणी वाड्यात आणून ओतणारा माणूस, शाप लागल्यावर त्याच पाण्याचं भांडं झाला. धाकटी त्याला ‘बंबकाका’ म्हणते आणि अहो-जाहो करते, तो तिला ‘ताई’ म्हणतो.

खेळाचे नियम बंबाच्या स्वभावावरूनच निघाले. ज्यांच्या घरी बंब होता त्यांना ठाऊक असेल, आधी पाणी, मग जाळ. रिकामा बंब पेटवला की सांध्यांचा डाख वितळतो आणि बंब गळायला लागतो. खेळातही बंबकाकांना बोलतं करायचं तर आधी विहिरीवरून पाणी आणा, मग ढलप्या-गोवऱ्या गोळा करून जाळ घाला. एका जाळात एकच सल्ला. घाई करून कोरडाच पेटवला तर ते पूर्ण प्रकरणभर गळतात आणि सल्ला अर्धवट देतात: ‘ताई, ती किल्ली आहे ना, ती... थांबा, पाय ओले झाले तुमचे?’

ही शिक्षा ठरवली होती. मुलांनी तिचं बक्षीस करून टाकलं. गळका बंब इतका विनोदी झाला की काही जण मुद्दाम कोरडा पेटवू लागले. प्रोग्रामर म्हणाला हा दोष आहे, काढून टाकतो. लेखिकेने काढू दिलं नाही, आणि ते बरंच झालं, कारण सल्ला न मिळताही मुलं त्याच्याशी बोलत होती. समईशी कुणीच कधी बोललं नव्हतं.

एक जागा जरा सविस्तर सांगतो. बंब काजळीने काळा झालेला असतो. धाकटी चिंच आणि मीठ लावून तो घासते. मूल पडद्यावर बोट फिरवत राहतं तसतसं तांबं लालसर उजळतं आणि टोचून घातलेलं एकेक अक्षर दिसू लागतं. मुलांना वाटतं, हे बंबकाकांचं खरं नाव. शेवटचं अक्षर उघडतं तेव्हा कळतं की नाव वाड्याच्या धन्याचं आहे. भांड्यावर नाव मालकाचंच असतं. चाचणीच्या वेळी एक मुलगा बोट तसंच ठेवून म्हणाला, ‘मग ह्यांचं नाव कुठंय?’ संहितेत त्याचं उत्तर नव्हतं.

दुसरी अडचण

त्या मुलाचा प्रश्न पुढच्या प्रश्नाची नांदी होती. दुसऱ्या चाचणीत खेळ शेवटपर्यंत दाखवला. शाप सुटतो, धनी माणूस होतो, बंबकाका माणूस होतात, आणि मूळ संहितेप्रमाणे लगेच खांद्यावर कावड घेऊन लग्नाचं पाणी भरायला निघतात. मागे सनई. मोठ्यांना तो शेवट गोड वाटला होता.

दहाएक वर्षांच्या एका मुलीने विचारलं, ‘शाप मालकानं ओढवून घेतला ना? मग बंबकाकाला कशाला लागला?’

शेजारचा मुलगा मान वर न करता म्हणाला, ‘नोकर आहे म्हणून.’

तो हे टोमणा म्हणून बोलला नव्हता. पाऊस पडला म्हणून रस्ता ओला, इतक्या सहज. लेखिका त्या दिवशी फारसं बोलली नाही. निर्मातीचं म्हणणं होतं की ही परीकथा आहे, असले प्रश्न परीकथेला विचारायचे नसतात. माझं मत उलट होतं. आम्हीच त्या पाणक्याला शरीर दिलं, भूक दिली, नाव हरवलेलं दाखवलं, मग त्याच्या बाजूने प्रश्न उठला तर तो खेळ चालल्याचाच पुरावा आहे. बटणाबद्दल असा प्रश्न कुणाला पडत नाही.

दुसरा निर्णय: हिशेब

यावर तीन तोडगे निघाले. शापाचं कारण बदलून नोकरांनाही थोडा दोष द्यायचा. हा लगेच बाद झाला, कारण ते खोटं वाटत होतं. धन्याने शेवटी माफी मागायची. हा बरा होता, पण माफीचं भाषण ऐकताना मुलं पडद्यावर टिचक्या मारतात हे आम्हाला माहीत होतं. तिसरा लेखिकेचा: बंबकाकांनी पगार मागायचा.

आधीच्या संहितेत वाड्याचे दिवाणजी शापाने गल्ल्याची पेटी झालेले होते. त्यांचं झाकण कायम घट्ट. नव्या शेवटात शाप सुटायच्या आदल्या रात्री बंबकाका त्यांच्यापुढे उभे राहतात. महिना दोन रुपये, बारा वर्षं. मूल पडद्यावर गुणाकार करतं: 288 रुपये.

‘शाप चालू असताना काम केलंत कुठे तुम्ही?’ पेटी म्हणते.

‘मग अंघोळीचं पाणी कोण तापवत होतं, तुमचा आजा?’

दिवाणजी कपाती काढतात: गळती लागली ते दिवस वजा, जळण वाड्याचं वापरलं ते वजा. जितक्या वेळा मुलाने बंब कोरडा पेटवला असेल तितकी कपात खरोखरच मोठी होते, आणि मजा म्हणून गळवणारी मुलं इथे खजील होतात. ही जोडणी प्रोग्रामरने आपणहून केली, तीही काढून टाकायला निघालेल्या त्याच दोषावर. मग धाकटी हजेरीचं पान शोधून आणते. पान मोडीत आहे. ते चित्रकाराने हाताने लिहून चित्र म्हणूनच बसवलं. देवनागरीचाही घोर नव्हता, कारण आम्ही खेळ बनवायला वापरलेल्या गोडो या सॉफ्टवेअरच्या 2023 मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत जोडाक्षरं नीट उमटतात, आधीच्या आवृत्तीत ती फुटायची. त्या पानावर पहिल्यांदा पाणक्याचं स्वतःचं नाव भेटतं. झाकण उघडतं. माणूस झाल्यावर ते लग्नाचं पाणी भरतात की गावाला निघून जातात, हे खेळणाऱ्यावर सोडलं आहे.

संस्थेकडून एक हरकत आली: मुलांच्या गोष्टीत पैशाचं काय काम? निर्मातीने, जी स्वतः या शेवटाच्या विरोधात होती, संस्थेला ठामपणे सांगितलं की हा भाग गणिताच्या सरावाचा आहे. ते काही खोटं नव्हतं. पण तिने तो का वाचवला हे मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, ‘मी पगारपत्रक करते रे सगळ्यांचं.’

परिणाम

खेळ सुट्टीआधी आला. फार गाजला नाही, पण ज्या वाचनालयात चाचण्या झाल्या तिथे मुलं तो पुन्हा पुन्हा लावतात. सल्ला मागणं चांगलंच घटलं. मुलं आधी खोलीभर शोधतात, अगदीच अडलं तर जळण आणायला जातात. बंबाला बघून सिनेमातलं नाव आता कुणी घेत नाही. आजींनी पुन्हा येऊन बंब पाहिला आणि त्याच्या तोटीला दोरा गुंडाळायला हवा होता, एवढीच चूक काढली.

लहान मुलांचं मात्र नुकसान झालं. आठ वर्षांची मुलं चौकातल्या कोड्यापाशी जळण संपवून बसायची आणि खेळ सोडून द्यायची. त्यांच्यासाठी नंतर ‘सतत पेटलेला बंब’ अशी सोय द्यावी लागली. लेखिकेला ती अजून आवडत नाही, कारण त्यात समईच परत आल्यासारखं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

आवाज फार लवकर भरला गेला. बंबकाकांचा आवाज एका हौशी नटाने दिला, खोलीत चारी बाजूंनी गोधड्या टांगून, आणि दिला फक्कड. पण पगाराचा प्रसंग सुचला तोवर पैसे संपले होते. परिणामी संपूर्ण खेळात बोलणारा माणूस नेमका हक्काचं मागताना मुका होतो आणि वाक्यं नुसती पडद्यावर उमटतात. ज्या मुलांना भरभर वाचता येत नाही त्यांच्यासाठी हा प्रसंग जवळजवळ नाहीच. शेवट आधी कागदावर मुलांना ऐकवला असता तर प्रश्न तेव्हाच निघाला असता आणि त्याला फुटकी कवडी लागली नसती.

हक्कांची चौकशी चित्रं काढण्याआधी व्हायला हवी होती. मूळ गोष्ट मोकळी आहे याचा अर्थ आपल्या आठवणीतली गोष्ट मोकळी आहे असा होत नाही, आणि आठवणीत बहुतेकांच्या सिनेमाच असतो.

तिसरी बाब खेळ बाहेर पडल्यावर पुढे आली. वाड्यात एक जातंही आहे, शापापूर्वी दळणकांडण करणारी बाई. ती ओव्या म्हणते, गोड म्हणते, आणि बाकी काही करत नाही. पगाराचा प्रसंग संपल्यावर एका मुलीने वाचनालयात विचारलं, ‘जात्याबाईचे किती झाले?’

हजेरीच्या पानावर तिचं नाव घालणं सोपं होतं. पण पेशवाईतल्या वाड्यांत घरकाम करणाऱ्या कितीतरी बायका कुणबिणी होत्या, विकत घेतलेल्या. त्यांना पगार नव्हताच. तिला दोन रुपये लावले तर ते खोटं होतं, आणि पान कोरं ठेवलं तर आठ वर्षांच्या पोराला ते कोरं का, हे सांगावं लागतं. लेखिकेकडे दोन्ही मसुदे तयार आहेत. एकात जातं स्वतःच म्हणतं की माझं पान शोधू नका, नाही सापडायचं, आणि मग धाकटी काय करते ते येतं. दुसऱ्यात धनी तिची विक्रीची चिठ्ठी बाहेर काढतो. चित्रकाराला दुसरा हवा आहे, निर्मातीला पहिला, आणि प्रोग्रामर म्हणतो की ओव्या तेवढ्या राहू द्या. दोन्ही मसुदे मुलांना वाचून दाखवायचे ठरले आहेत, या खेपेला आवाज भरण्याआधी.